चढताना खोगीर फिरतंय? तंग आवळण्याआधी हे वाचा

घोड्यावर चढताना खोगीर फिरलं की आजूबाजूला उभा असलेला प्रत्येकजण एकच सांगतो, तंग (पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टा) आवळा. आवळूनही फिरलं तर अजून आवळा. मी बारा वर्षं घोड्यांवर बसतेय, त्यातली पहिली दोन हाच सल्ला ऐकण्यात गेली. त्या नादात एका गरीब घोडीची पुढच्या पायामागची कातडी तंगाने सोलवटली आणि खोगीर फिरायचं ते फिरतच राहिलं. म्हणून आधीच सांगते, तंग सैल असेल तर खोगीर फिरणारच, पण तंग ठीक असूनही फिरत असेल तर चूक बहुतेक वेळा चढणाऱ्याच्या अंगाच्या ठेवणीत असते, आणि ती सुधारता येते.

खरारा झालाय, डोक्यात हेल्मेट आहे, पायात थोडी टाच असलेले गुळगुळीत तळाचे बूट आहेत असं धरून चालते. स्पोर्ट्स शूज घालून रिकिबीत, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, पाय घालणार असाल तर पुढचं वाचायच्या आधी बूट बदला.

खोगीर मानेकडे जरा पुढे ठेवायचं आणि केसांच्या दिशेने मागे सरकवायचं, जिथे ते आपोआप बसतं तीच त्याची जागा. खालचं पॅड मधोमध वर ओढून खोगिराच्या पोकळीत घ्या, नाहीतर मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्यावर ते ताणलं जातं. आणि खोगीर हलतं म्हणून खाली दोन-दोन, तीन-तीन पॅड घालू नका. ही अक्षरशः खोगीरभरती आहे, आणि जितकी जाड गादी तितकं खोगीर घोड्याच्या पाठीपासून वर जातं आणि डुलतं. एक पॅड पुरे, तेही खालून घसरडं नसलेलं.

आता तंग. तो एका दमात आवळायचा नाही. बहुतेक घोडे तंग लागला की अंग ताठ करतात, छाती फुगवतात, आणि तुम्हाला वाटतं झालं घट्ट. मग चार पावलं चालवलं की तोच तंग दोन भोकं सैल. म्हणून आधी नुसता लागेल इतपत, मग घोड्याला हाताने धरून थोडं फिरवून आणा, मग एक-दोन भोकं वर, आणि अगदी चढायच्या आधी परत एकदा. दोन्ही बाजूंची भोकं शक्यतो सारखी ठेवा, सगळं एकाच बाजूने ओढत बसू नका. तंग पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे साधारण चार बोटं असावा. आवळून झाला की पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढा म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडी मोकळी होते.

घट्टपणा बघायचा तो घोड्याच्या कुशीवर नाही, खाली दोन पुढच्या पायांच्या मधे, छातीच्या हाडाशी. कुशीवर मांस दबतं आणि अंदाज चुकतो. खाली दोन बोटं जरा दाबून आत जायला हवीत. बोटं सहज जात असतील तर सैल, अजिबात जात नसतील तर जास्त. आणखी एक, इंग्लिश पद्धतीच्या खोगिराला प्रत्येक बाजूला बकल लावायला बहुधा तीन पट्टे असतात, त्यातला पहिला, म्हणजे सगळ्यात पुढचा, खोगिरात वेगळ्या पट्टीला शिवलेला असतो आणि उरलेले दोन एकाच पट्टीला. म्हणजे पहिला आणि दुसरा, किंवा पहिला आणि तिसरा असेच लावायचे. दुसरा-तिसरा लावला आणि ती आतली एक पट्टी तुटली तर सगळाच तंग सुटतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नवीन माणसांना आजही कुणी सांगताना दिसत नाही, म्हणून राग येतो.

एवढं केलं की चढायचं. आणि खरी अडचण इथेच आहे.

डावा पाय रिकिबीत आहे, उजवा जमिनीवरून सुटलाय आणि तुम्ही अजून खोगिरावर नाही, ह्या दोन-तीन सेकंदांत खोगीर फिरतं. तेव्हा तुमचं सगळं वजन घोड्याच्या एकाच कुशीवर आलेलं असतं. घोड्याचं अंग पिंपासारखं गोल, त्यावर खोगिराला जागच्या जागी धरून ठेवणार काय, तर तो मानेच्या मुळाचा उंचवटा आणि तंगाची पकड, बस. दार बिजागरीपाशी ढकललं तर हलत नाही आणि कडेला बोट लावलं तरी फिरतं, अगदी तसंच तुम्ही घोड्यापासून जितके लांब लोंबकळाल तितका खोगिराला पीळ जास्त. वजन तेच, माणूस तोच, तंगही तोच, पण अंग हातभर लांब राहिलं की खोगीर निघालं तुमच्याकडे.

मी हे शिकले ती पडून. ठेंगणी, गोलमटोल घोडी होती, मानेचा उंचवटा जवळपास नाहीच, तंग नेहमीपेक्षा दोन भोकं वर. मी डावा पाय घातला, उजव्या हाताने खोगिराची मागची कड पकडली आणि हातांनी स्वतःला वर ओढायला लागले. खोगीर सरळ माझ्या बाजूला आलं, मी पाठीवर जमिनीवर, पाय अजून रिकिबीत, आणि घोडी बिचकून बाजूला उडाली. पाय सुटला तो केवळ बुटाचा तळ गुळगुळीत होता आणि रिकीब बुटापेक्षा बोटभर रुंद होती म्हणून. नाहीतर फरफट झाली असती. तेव्हापासून खोगिराची मागची कड पकडून चढणारं कुणी दिसलं की मी चढणं तिथेच थांबवते, मग समोरच्याला वाईट वाटलं तरी चालेल.

मग हात ठेवायचे कुठे? डाव्या हातात लगाम, आणि त्याच हातात आयाळीची चांगली मूठ, मुळापाशी धरलेली. आयाळ फिरत नाही, खोगीर फिरतं, म्हणून आधार आयाळीचा. उजवा हात खोगिराच्या पुढच्या उंच भागावर, किंवा त्याहून चांगलं म्हणजे हात पुरत असेल तर पलीकडच्या बाजूच्या चामड्यावर, आणि तो हात ओढायचा नाही, खाली दाबायचा. तुम्ही ह्या बाजूला वजन टाकताय तर तो हात त्या बाजूला टाकतोय, असं.

पाय रिकिबीत घातला की बुटाचं टोक घोड्याच्या पोटात खुपसू नका, तंगाच्या दिशेने खाली ठेवा. टोक टोचलं की घोडा पुढे निघतो आणि तुम्ही एका पायावर लंगडी घालत मागे. गुडघा खोगिराला टेकलेला पाहिजे, म्हणजे अंग आपोआप जवळ राहतं. उजव्या पायावर दोन छोट्या उड्या आणि तिसऱ्या उडीला वर, वर जायची ताकद त्या जमिनीवरच्या पायातून यायला हवी, हातातून नाही आणि रिकिबीतूनही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर येताना छाती पुढे आणि पलीकडे न्या. लोक सरळ शिडीवर चढल्यासारखे वर जातात, ताठ उभे राहतात, मग सावकाश पाय फिरवतात, तोपर्यंत खोगीर निम्मं खाली आलेलं असतं. तुमची हनुवटी घोड्याच्या पाठीच्या मधल्या रेषेच्या पलीकडे गेली पाहिजे. वजन मधल्या रेषेवर आलं की पीळ संपला, मग तिथे क्षणभर थांबलात तरी खोगीर हलत नाही. त्यानंतर उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्याला न घासता वरून आणा आणि अलगद बसा, धपकन नको, पाठ त्याची आहे.

हे एकदम जमत नाही. मी रिकाम्या लाकडी घोड्यावर, कुणी धरलेल्या शांत घोड्यावर असं करून नुसतं पोटापर्यंत वर जायचं, पलीकडे झुकायचं, परत खाली यायचं एवढंच कितीतरी दिवस केलं.

मदतीला माणूस असेल तर त्याला घोड्याच्या तोंडाशी उभं करून गप्पा मारायला लावू नका, पलीकडे पाठवा. एका हातात लगाम आणि दुसऱ्या हाताने पलीकडच्या रिकिबीचा पट्टा खाली ओढून धरायचा, तुम्ही वर जाल तसा जोर वाढवायचा, तुम्ही बसलात की सोडायचा. आधीच ओढला तर खोगीर त्याच्याकडे जातं. हे एवढं एक केलं तर निम्मी खोगिरं फिरायची थांबतात.

आणि जमत असेल तेव्हा ठोकळ्यावरून चढा. गुडघ्याएवढ्या उंचीचा पक्का, न डुगडुगणारा ठोकळा, त्यावरून रिकिबीत पाय जवळजवळ आडवाच जातो आणि पीळ पडतच नाही म्हटलं तरी चालेल. जमिनीवरून चढतो तोच खरा स्वार असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. चढायला आधार घेणं ही काही आजची नाजूक सवय नाही. चीनमध्ये चांगशा इथे इ. स. ३०२ मधल्या थडग्यात घोडेस्वारांच्या मातीच्या मूर्ती सापडल्या, त्यातल्या काहींना रिकीब आहे ती एकच, डाव्या बाजूला, आखूड, आणि स्वाराचा पाय तिच्यात नाही. ती चढण्यापुरतीच असावी असं मानतात. शिवाय रोज जमिनीवरून एकाच बाजूने चढलं की घोड्याच्या पाठीवर एकाच दिशेने ताण येतो आणि डाव्या रिकिबीचा पट्टा लांबतो, म्हणून मी अधूनमधून दोन्ही पट्टे अदलाबदल करते. ठोकळा नसेल तर डावी रिकीब चढण्यापुरती दोन-तीन भोकं खाली घ्या, वर बसल्यावर परत नीट करता येते.

इतकं करूनही मधेच फिरायला लागलं तर? उजवा पाय नुकताच सुटला असेल तर लगेच खाली. चढणं पुरं करायच्या नादात जाऊ नका, तो मोह फार वाईट. पूर्ण बसलाय आणि खोगीर थोडं डावीकडे कललंय असं असेल तर घोडा उभा ठेवा, आयाळ धरा आणि उजव्या रिकिबीत वजन टाकून खोगीर मधे ढकला. तेवढ्याने येत नसेल तर दोन्ही पाय रिकिबीतून काढून उतरा आणि पहिल्यापासून खोगीर बसवा. रिकिबीचा पट्टा खोगिराला जिथे अडकतो तिथली छोटी खिट्टी कायम उघडी ठेवा, पडलात तर पट्टा निघून येतो.

खोगीर पोटाखाली गेलं तर घोडा घाबरतो, उधळतो, लाथा झाडतो. अशा वेळी मागच्या पायांच्या जवळपास जायचं नाही. तोंडाशी धरून, बोलून शांत करायचं, मग खांद्यापाशी उभं राहून छातीचा पट्टा असेल तर तो आधी सोडायचा आणि नंतर तंग. उलट केलं तर खोगीर छातीला लटकत पायात येतं.

छातीच्या पट्ट्याचं निघालंच आहे तर, फिरणाऱ्या खोगिरावर उपाय म्हणून तो घेऊ नका. तो खोगीर मागे सरकण्यापासून अडवतो, बाजूला फिरणं त्याने फारसं थांबत नाही.

बसल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं चालवा आणि तंग परत तपासा, बहुतेक वेळा एक भोक वर जातोच. डावा पाय खोगिराच्या पुढे घेऊन, बाजूचं चामडं उचलून वरूनच करता येतं, पाय मात्र रिकिबीतच ठेवा. दुडकी चाल त्यानंतर.

आणि चढताना नाही, चालवताना खोगीर दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर तंगाचा विचार सोडा आणि बाकीचं बघा. खोगीर त्या पाठीला रुंद किंवा अरुंद होत असेल, तुम्ही एका बाजूला जास्त बसत असाल, किंवा घोड्याचा मागचा एखादा पाय दुखत असेल. मागच्या पायाचं लंगडणं डोळ्याला दिसायच्या आधी खोगीर सरकण्यातून कळू शकतं. दुसऱ्या एखाद्या स्वाराला बसवून बघा, त्याच्या खालीही त्याच बाजूला जात असेल तर पशुवैद्याला बोलवा, आणि तो बघेपर्यंत त्या घोड्यावर बसू नका.