गोव्याच्या दमट हवेत गाडीतला वास कसा घालवायचा

गाडीत वास येऊ लागला की बहुतेक जण आधी डॅशबोर्डवर सुगंधाची डबी चिकटवतात. दोन दिवस मोगरा दरवळतो, तिसऱ्या दिवशी मोगऱ्यात मुरलेला बांगडा. वास येतो म्हणजे गाडीत कुठेतरी ओल आहे किंवा काहीतरी कुजतंय. ती जागा सापडेपर्यंत काहीही फवारू नका, नाहीतर नाक फसतं आणि शोध तिथेच थांबतो.

आधी जागा शोधा

काचा लावून गाडी अर्धा तास उन्हात ठेवा. मग एकेक दार उघडून नाक पायाशी, सीटखाली, डिकीत न्या. दोन-तीन मिनिटांत नाकाला सवय होते, म्हणून मध्येमध्ये बाहेर जाऊन या. रोज त्याच गाडीत बसणाऱ्याला तर वास कळतच नाही. शेजाऱ्याला बोलवा, तो आत डोकं घालताच सांगेल.

रबरी मॅट काढून वर्तमानपत्राची घडी कार्पेटवर ठेवा आणि टाचेने अर्धा मिनिट दाबून धरा. कागद ओला झाला तर पाणी खालच्या फेल्टमध्ये, म्हणजे कार्पेटखालच्या जाड मऊ थरात आहे. वरचं कार्पेट हाताला कोरडं लागतं आणि फेल्ट आठवडाभर ओला राहतो, हीच इथली खरी फसगत.

सीटच्या रुळांत टॉर्च मारून बघा. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीचं) सामान नेताना घरंगळलेला एखादा आंबाडा तिथे सापडला, तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

मासळीचं पाणी

पिशवीतल्या बर्फाचं पाणी डिकीच्या कार्पेटमधून झिरपून स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. वर कितीही घासलं तरी वास जात नाही, कारण घाण खाली असते. कार्पेट, त्याखालचा पुठ्ठा, जॅक, स्टेपनी, सगळं बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांत खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं. ते काढलं की पाणी खाली जातं. धुऊन झाल्यावर बूच परत घट्ट बसवायला विसरलात, तर पावसात रस्त्यावरचं पाणी तिथूनच वर येईल.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी भांड्यांच्या पातळ साबणाचे १० ते १५ थेंब लिटरभर पाण्यात घालून माशाचं तेल धुऊन काढा. मग १ भाग पांढरं व्हिनेगर आणि २ भाग पाणी फवारून १५ मिनिटं ठेवा. शेवटी साध्या पाण्याने पत्रा आणि कापड दोन्ही धुवा. मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनचा. तो अल्कधर्मी असतो, आम्लाशी जुळून त्याचा क्षार होतो आणि पाण्यासोबत निघून जातो. व्हिनेगर नसेल तर लिटरभर पाण्यात १ मोठा चमचा लिंबूसत्त्व चालतं. घरातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर मात्र सोरपोतेलसाठीच (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट कालवणासाठीच) ठेवा. कापडावर त्याचा डाग आणि दर्प दोन्ही राहतात.

मासळीवर खायचा सोडा टाकायची चूक सर्रास होते. सोडाही अल्कधर्मीच, त्याने अमाइन बांधलं जात नाही. कपड्यांच्या पावडरने धुतल्यावर वास उलट भडकतो, त्यालाही हेच कारण.

दूध, ताक, उलटी

इथे हिशेब उलटा. आंबलेल्या दुधाचा आणि उलटीचा वास आम्लांचा, म्हणून सोडा इथे उपयोगी पडतो. पण दूध सीटच्या स्पंजात उतरलेलं असतं. वरून पुसणं म्हणजे नुसती समजूत. कढत पाणी वापरू नका, प्रथिनं आवळून तिथेच बसतात. गार पाण्याने ओलं करून टिपा, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर जितकं दूध सांडलं साधारण तितकंच ओता, म्हणजे ते तितक्याच खोल जाईल. वर प्लास्टिक अंथरून ८ ते १२ तास ओलं राहू द्या. एन्झाइम ओल असेपर्यंतच काम करतात. लोक अर्ध्या तासात पुसून घेतात आणि मग बाटलीला नावं ठेवतात. शेवटी ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी काढा.

सीट पूर्ण वाळल्यावर दर सीटला २-३ मोठे चमचे सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम करा. जुलै-ऑगस्टमध्ये हा भाग टाळा. सोड्याचे गोळे होऊन विणीत अडकतात आणि पांढरे चट्टे पडतात.

वास फारच खोल असेल तर सीट काढावी लागते. सीटखाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसलं तर हात लावू नका, ती एअरबॅगची वायर आहे. ते काम वर्कशॉपमध्येच.

समुद्राचं पाणी

ओले कपडे आणि वाळूचे पाय घेऊन आत बसल्यावर येणारा वास वाळूचा वाटतो, पण त्रास देतं ते मीठ. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत दिवसा कोरडं वाटणारं कार्पेट रात्री पुन्हा ओलसर होतं आणि बुरशीला ओल मिळत राहते. वाळू आधी कोरडीच झाडा, व्हॅक्यूम करा. मग साध्या पाण्याने तीन वेळा ओलं करून दर वेळी पाणी ओढून घ्या. साबणापेक्षा पाणी बदलण्याला इथे जास्त महत्त्व.

एसी लावताच येणारा मोज्यांसारखा वास

एसीच्या कॉइलवर पाणी साचतं, त्यात धूळ बसते आणि बुरशी धरते. बहुतेक गाड्यांत केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी कागदी जाळी, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन्ही बाजूंच्या कड्या आत दाबल्या की बॉक्स खाली येतो. नवा फिल्टर बसवताना त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. कंपनी १०–१५ हजार किलोमीटर म्हणते. इथे पाऊस सरला की, निदान वर्षातून एकदा, बदलाच. फिल्टर धुऊन परत बसवू नका, ओला कागद हीच बुरशीची गादी.

नवा फिल्टर घालूनही वास राहिला तर कॉइल साफ करायचा फोम वापरा, पण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच, इंजिन बंद ठेवून. सवय मात्र एकच पुरते: घर पाच मिनिटांवर आलं की एसी बंद, पंखा चालू. कॉइल वाळते.

शेजारच्या सीटच्या पायाशी ओल असेल तर दोन शक्यता. एसी १५ मिनिटं चालवून गाडीखाली बघा. थेंब पडत नसतील तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. थेंब पडत असतील तर वायपरखालची जाळी बघा. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाल्याचा लगदा होतो आणि पावसाचं पाणी आत वळतं. पाला काढून मगभर पाणी ओता; ते पुढच्या चाकामागून खाली यायला हवं.

वाळवणं

सगळं नीट धुतलं तरी पावसात इथेच घोळ होतो. बाहेरची हवाच ओली, काचा उघड्या ठेवून काय वाळणार? कार्पेटची कड उचलून फेल्टखाली दोन लाकडी ठोकळे सारा, घरातला टेबलफॅन लावा. मग गाडी मोकळ्या जागी, बंद गॅरेजात कधीही नाही, सुरू करून एसी आतल्याच हवेवर आणि हीटर गरमवर ठेवा. एसी ओल ओढून गाडीखाली टाकतो, गरम हवा फेल्टमधली ओल सोडवते. अर्धा-अर्धा तास, दिवसातून दोनदा, कागद कोरडा निघेपर्यंत. फेल्ट काळा पडला असेल तर तो तुकडा कापून नवा घाला.

काही वास वेगळेच

पंखा लावल्यावरच सडका भपका आला तर फिल्टरच्या खोक्यात किंवा ब्लोअरमध्ये उंदीर असू शकतो. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून पसरतो, म्हणून हातमोजे घाला, लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचच्या पाण्याने भिजवून १० मिनिटांनी उचला. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

गोडसर वास आणि पायाशी चिकट ओल म्हणजे कूलंट गळतोय. पेट्रोलचा किंवा जळका वास आला तर गाडी जागेवर उभी करा आणि फिटरला तिथेच बोलवा.

डांबरगोळ्या उन्हात तापल्या की त्यांची वाफ बंद गाडीत भरून राहते, त्या नकोत. ओझोनच्या मशीनने उरलेला वास जातो, पण ती चालू असताना आत कोणी बसायचं नाही आणि नंतर तासभर दारं उघडी ठेवायची. खालचा फेल्ट ओला असताना ओझोन मारणं म्हणजे पैसे पावसात टाकणं. आठवड्यात वास परत येतो.