कॅरव्हान ओढायला एअरबॅगा लावताय? या चुका टाळा

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की मेलबर्नमधल्या आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात. "दादा, नवीन कॅरव्हान घेतली. जोडली की गाडी मागून बसते. एअरबॅगा टाकून घेऊ का?" माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे: आधी वजनकाट्यावर जाऊन या. निम्मे लोक इथेच नाराज होतात, कारण त्यांना शनिवारी बॅगा बसवून रविवारी निघायचं असतं.

या एअरबॅगा म्हणजे अपघातात स्टिअरिंगमधून फुगणाऱ्या नव्हेत. कॉईल स्प्रिंगच्या गाडीत मागच्या स्प्रिंगच्या पोटात बसतात आणि पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत ॲक्सल आणि चासीच्या मध्ये. मूळ स्प्रिंग तशीच राहते, हवेचा फुगा तिला हातभार लावतो. वस्तू चांगली आहे. माझ्या टोयोटा प्राडोला बसवलेल्या आहेत आणि पुन्हा गाडी घेतली तर पुन्हा बसवीन. पण त्या कशासाठी आहेत हे न समजता लावल्या की त्याच चुका होतात. मी त्या इतक्यांदा पाहिल्या आहेत की एकदा लिहून काढतोच.

"बॅगा लावल्या, आता वजन चालेल"

चालणार नाही. बॅगेने गाडीची उंची बदलते, गाडीची क्षमता नाही. कंपनीने ठरवून दिलेलं जीव्हीएम, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन, बॅगेआधी जेवढं होतं तेवढंच बॅगेनंतरही राहतं. मागच्या ॲक्सलची मर्यादा तीच, टोबॉलवरच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्यावरच्या, वजनाची मर्यादा तीच. ऑस्ट्रेलियात जीव्हीएम वाढवून मिळतं, पण त्याचा मंजूर किट असतो, कागदपत्रं असतात, गाडीवर नवी प्लेट लागते. बाजारातून आणलेल्या फुग्याच्या जोडीने ते होत नाही.

दुसरी गोष्ट जीसीएमची, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून किती. फोर्ड रेंजरच्या पीएक्स पिढीतली डबल-कॅब फोर-बाय-फोर घ्या. जाहिरातीत 3500 किलो ओढते असं मोठ्या अक्षरात असायचं. जीव्हीएम 3200, जीसीएम 6000. आता वजाबाकी करा. ट्रेलर 3500चा असेल तर गाडीच्या वाट्याला 2500 उरतात, आणि रिकामी गाडीच 2200च्या आसपास आहे. म्हणजे बायको, दोन मुलं, बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) आणि डिझेलची टाकी एवढ्यातच हिशोब संपतो. बॅगांनी गाडी सरळ उभी राहील, हिशोब सुटणार नाही.

म्हणून काटा. सगळं सामान भरा, टाक्या भरा, घरच्यांना बसवा आणि सार्वजनिक वजनकाट्यावर आधी पुढचा ॲक्सल, मग मागचा, मग कॅरव्हान असं वेगवेगळं वजन करून घ्या. अर्धा तास जातो. ज्याला अर्धा तास नाही त्याने तीन टनांची कॅरव्हान ओढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागची उंची बघायची आणि पुढची चाकं विसरायची

गावाकडे बैलगाडीत मागे जास्त ओझं पडलं की गाडी उलार होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. कॅरव्हान जोडल्यावर नेमकं तेच होतं. टोबॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तिथे पडलेलं वजन मागच्या चाकांना दाबतं आणि पुढच्या चाकांना उचलतं.

आकडे माझ्याच गाडीचे देतो. प्राडो 150चे दोन ॲक्सल एकमेकांपासून 2790 मिलिमीटरवर आहेत. माझा टोबॉल मागच्या ॲक्सलपासून साधारण 1200 मिलिमीटर मागे येतो. टोबॉलवर 250 किलो टाकले की मागच्या ॲक्सलवर 250 नाही, जवळपास 357 वाढतात, आणि पुढच्या ॲक्सलवरून 107 किलो निघून जातात. पुढे म्हणजे जिथे स्टिअरिंग आहे आणि ब्रेकचं बरंचसं काम होतं तिथे.

आता बॅगांमध्ये हवा भरा. मी घराच्या ड्राइव्हवेवर टेप घेऊन हे करून बघितलंय. कॅरव्हान जोडल्यावर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर 20 मिलिमीटरने वाढलं होतं. 20 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरल्यावर मागची बाजू 40 मिलिमीटर वर आली, गाडी छान सरळ दिसायला लागली, आणि पुढचं अंतर जिथल्या तिथे. 20चे 20. म्हणजे पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आलेलंच नव्हतं. फक्त दिसायचं बंद झालं होतं.

पुढचं वजन परत आणायचं काम वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं, म्हणजे वजन वाटून देणाऱ्या जोडणीचं आहे. त्याच्या स्प्रिंगच्या दांड्या ताणल्या की थोडं वजन पुढच्या चाकांकडे आणि थोडं कॅरव्हानच्या चाकांकडे जातं. माझा क्रम ठरलेला आहे. बॅगा कमीत कमी हवेवर ठेवायच्या, कॅरव्हान जोडायची, दांड्या ताणून पुढचं अंतर मूळ मापाच्या जवळ आणायचं, आणि मग मागे थोडं बसलेलं राहिलं तर तेवढ्यापुरती हवा. बहुतेक वेळा 10-12 पीएसआयमध्ये काम होतं. उलट क्रमाने केलंत, आधी बॅगा टणक फुगवल्या, तर पुढचं वजन परत आणायला दांड्या आणखी ताणाव्या लागतात. हा हिच प्रत्येक गाडीला आणि प्रत्येक कपलिंगला (ट्रेलरच्या पुढच्या जोडाला) चालत नाही, म्हणून गाडीचं मॅन्युअल आधी वाचा. आणि कच्च्या रस्त्याला लागताना, खोल ओढे-नाले येणार असतील तर दांड्या काढून ठेवा.

पाट्याच्या यूटमध्ये (पिकअपमध्ये) बॅगा टम्म फुगवायच्या

हे मात्र मी सविस्तर सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबं साऊथ ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स रेंजेसमार्गे ऊडनाडाटा ट्रॅकवर गेलो होतो. मरीपासून विल्यम क्रीकपर्यंत सुमारे 200 किलोमीटर कच्चा रस्ता आहे, पन्हळी पत्र्यासारखा. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याकडे डबल-कॅब यूट. मागे ॲल्युमिनियमची कॅनोपी, म्हणजे बंद पेटी, तिच्यात फ्रिज, दुसरी बॅटरी, टूलबॉक्स, 80 लिटर पाणी, पार मागच्या टोकाला दोन स्टेपन्या, आणि टोबॉलवर कॅम्पर ट्रेलरचे 200 किलो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, "अरे, मागे फार झालंय. स्टेपनी एकच घे, पाणी पुढे केबिनजवळ सरकव."

"दादा, 60 पीएसआय टाकलंय. बघ ना, टेबलासारखी सरळ आहे."

खरंच सरळ होती. मी पुढे बोललो नाही, आणि ते मला अजून खुपतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका कोरड्या ओढ्याच्या उतारात त्याची गाडी जरा वेगात गेली. आवाजही फार मोठा झाला नाही. तो उतरला, टायर बघितले, ट्रेलर बघितला, सगळं ठीक. मी मागून येत होतो, मला लांबूनच यूटची पाठ विचित्र दिसली. केबिन आणि कॅनोपी यांच्यामधली फट खालच्या बाजूला करंगळीएवढी होती आणि वरच्या बाजूला मूठ जाईल एवढी. मी मूठ घालून बघितली. चासी केबिनच्या मागे वाकली होती. वाकून बॅगा बघितल्या तर दोन्ही धडधाकट. गेज लावला, 58 पीएसआय.

त्याची दोन मुलं, सहा आणि नऊ वर्षांची, आमच्या गाड्यांत वाटून घेतली. यूट दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवून पोर्ट ऑगस्टाला न्यावी लागली. चासी सरळ करण्याचा खर्च ऐकल्यावर त्याने ती गाडी सोडून दिली. नंतर बसून सामानाचं वजन मांडलं तेव्हा मागच्या ॲक्सलची मर्यादा जवळपास 300 किलोंनी ओलांडलेली निघाली. तो एकदाही काट्यावर गेला नव्हता.

असं का होतं ते समजून घ्या. पाटा चासीला दोन ठिकाणी धरलेला असतो, एक टोक ॲक्सलच्या पुढे, एक मागे. गाडीचं ओझं या दोन टोकांवर वाटलं जातं. बॅग मात्र बरोबर ॲक्सलच्या डोक्यावर बसते आणि चासीला एकाच जागी टेकू देते. जितकी हवा जास्त, तितका भार पाट्याच्या टोकांवरून निघून त्या एका जागी येतो. मागे लोंबणाऱ्या स्टेपन्या, टूलबॉक्स आणि टोबॉल, पुढे केबिन आणि इंजिन, आणि मधे तो टेकू. काटकी गुडघ्यावर ठेवून मोडतात ना, तीच रचना झाली. वर पन्हळी रस्त्याचे हजारो दणके.

पाट्याच्या गाडीत सतत मागे वजन राहणार असेल तर योग्य वजनाचे पाटे घाला. महाग पडतात, बसवायला वेळ लागतो, पण वजन जिथे जायला हवं तिथेच जातं. बॅगा फक्त उरलेल्या थोड्या झुकावासाठी. मी कुणाच्याही यूटमध्ये कच्च्या रस्त्यासाठी 20-25च्या वर हवा भरू देत नाही. बॅगेच्या खोक्यावर 100 पीएसआय लिहिलेलं असेल, ती बॅगेची मर्यादा आहे, तुमच्या चासीची नाही. जड सामान ॲक्सलच्या पुढे, केबिनला चिकटून. आणि ओढ्याच्या आधी ब्रेक, ओढ्यात नाही.

हवा पूर्ण काढून टाकायची

ट्रिप संपते, कॅरव्हान सुटते, रिकामी गाडी मागून कडक वाटते, म्हणून माणूस व्हॉल्व्ह दाबून सगळी हवा सोडतो. माझी पहिली बॅग अशीच गेली. रिकामी बॅग कॉईलच्या वेढ्यांमध्ये चुरगळते, घडी पडते आणि त्या घडीवर चिरते. बाहेर काढली तेव्हा चीर नखाएवढी होती, पण अगदी सरळ, ब्लेडने कापल्यासारखी. किमान 5 पीएसआय कायम ठेवायची, काही बॅगांना 10 लागते. खोक्यावरचा कागद फेकू नका, कमाल आकडाही त्यावरच असतो. कॉईलमधल्या बॅगेचा कमाल आकडा बहुधा 30-35च्या घरात आणि पाट्याच्या बॅगेचा कितीतरी जास्त, त्यामुळे मित्राच्या यूटचा आकडा तुमच्या प्राडोत भरू नका.

पेट्रोल पंपावरच्या मशीनने तर भरूच नका. कॉईलमधल्या बॅगेत हवा मावते ती लोटाभर, दोन सेकंदांत आकडा पार होतो. मी सायकलचा पायपंप वापरतो. कमी पीएसआयचा वेगळा गेज ठेवलाय, कारण टायरच्या मोठ्या गेजवर 8 आणि 12 यांतला फरक कळत नाही. गेज लावताना दोन-तीन पीएसआय निसटतात, तेवढे आधीच जास्त भरायचे.

बाकीच्या

दोन्ही बॅगा एका टी-जोडाने एकाच नळीवर घेऊ नका. वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत जाते आणि गाडी आणखी कलते. दोन बॅगा, दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह.

शॉकॲब्सॉर्बर गेलेले असतील तर ते आधी बदला. बॅग उचलते, उसळी थांबवत नाही.

गाडीला लिफ्ट केली, म्हणजे तिची उंची वाढवून घेतली असेल तर लिफ्टच्या मापाची बॅग घ्या. मूळ उंचीची बॅग चाक खाली लोंबलं की जागेवरून सरकते.

जुन्या हायलक्ससारख्या काही गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून एक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. गाडी किती बसली त्यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला दाब देतो. बॅगेने गाडी उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. बॅगा बसवून घेताना ती दांडी जुळवून द्यायला सांगा. बसवणारा विसरतो.

सायलेन्सरचा पाइप नळीजवळून जात असेल तर नळीचा मार्ग बदला. झिप-टायने पाइपलाच बांधलेली नळी मी दोनदा पाहिली आहे.

रोज थोडी थोडी हवा कमी होत असेल तर बॅगेला दोष देण्याआधी नळीचं टोक काढून बघा. पक्कडीने तोडलेली नळी चपटी होते आणि जोडात घट्ट बसत नाही. धारदार ब्लेडने काटकोनात कापायची, शेवटापर्यंत दाबून बसवायची. मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचं, आणि घाई न करता पाच मिनिटं बघत बसायचं. बारीक गळतीचा बुडबुडा लगेच येत नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावरही लावा. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा बुडबुडे तिथेच आलेत.