हापूसला कल्टार देताना झाडाच्या आत काय घडतं ते आधी पाहा

कल्टार (पॅक्लोब्युट्राझॉल) हे खत नाही, टॉनिकही नाही. आंब्याच्या कोवळ्या पालवीत जिबरेलिन नावाचं संजीवक तयार होतं. ते पेशीत पोचलं की वाढ रोखून धरणारी डेला प्रथिनं नष्ट होतात आणि फांदी पुन्हा पालवते. कल्टार जिबरेलिन तयार करणाऱ्या साखळीतलं एक विकर अडवतं. जिबरेलिन घटलं की डेला टिकून राहतात, वाढ थांबते, काडी जून होते आणि थंडी पडल्यावर त्याच डोळ्यातून पालवीऐवजी मोहोर येतो.

म्हणून वेळ महत्त्वाची. कोकणात 15 जुलै ते 15 ऑगस्ट ही शिफारशीची मुदत. सप्टेंबरअखेर टाकलेलं औषध काडीपर्यंत पोचून काम करायला लागेपर्यंत ऑक्टोबरची पालवी फुटून गेलेली असते.

मात्रा कलमाच्या वयावर नव्हे, विस्तारावर (फांद्यांच्या पसाऱ्यावर) काढा. पूर्व-पश्चिम व दक्षिण-उत्तर व्यास मोजून सरासरी घ्या; दर मीटरला 3 मिली. 8 आणि 6 मीटर भरले तर सरासरी 7, म्हणजे 21 मिली. ते 6 लिटर पाण्यात मिसळा. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मध्यावर, म्हणजे इथे बुंध्यापासून पावणेदोन मीटरवर, पहारीने 10 ते 12 सेंमी खोल 30 भोकं गोलाकार पाडा. प्रत्येकात 200 मिली ओतून माती ओढा. आधी तण काढलंच पाहिजे, नाहीतर औषध तणाची मुळंच पितात. जमीन ओली हवी, पण पाणी साचलेलं नको. मुसळधार पावसात टाकलेलं वाहून जातं.

पानांवर फवारून पैसे घालवू नका. हे औषध मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं. पानातून खाली जवळजवळ उतरत नाही.

दहा वर्षांखालचं, रोगट किंवा खत न घातलेलं कलम सोडून द्या. मोहोर आणि फळं वाढली की झाडाचा साठा रिकामा होतो. जूनमध्ये दहा वर्षांवरील कलमाला 50 किलो शेणखत, 3 किलो युरिया, 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पालाश दिलेलं असावं. उशिरा युरिया मात्र नको. नत्र पालवीला चिथावतं आणि कल्टारच्या उलट ओढतं.

पेरं आखूड, पानांचे झुबके, मोहोर गच्च आणि बुटका दिसला तर मात्रा जास्त झाली समजा. औषध मातीत एका हंगामात संपत नाही, तेव्हा पुढच्या वर्षी ते कमी करा किंवा टाळा. ‘गेल्या वर्षी चाललं म्हणून यंदा दुप्पट’ हा हिशेब कलमं खचवतो.

हेच जिबरेलिन बाहेरून देऊन उलटं कामही होतं. जानेवारीच्या थंडीत पुनर्मोहोर, म्हणजे फळं धरलेली असताना पुन्हा मोहोर, आला की आधी धरलेली फळं गळतात. तो टाळायला पहिला मोहोर पूर्ण उमलल्यावर आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर जिबरेलिक आम्ल 50 पीपीएम फवारा: 1 ग्रॅम पावडर आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून 20 लिटर पाण्यात. थेट पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही आणि मात्रा पंपागणिक बदलते.