विरोधाचे इंग्रजी शब्द वापरायचे कसे?

‘अपोज म्हणजे विरोध करणे, रेझिस्ट म्हणजे विरोध करणे, ऑब्जेक्ट म्हणजे विरोध करणे.’ अशी यादी कुणी पाठ करायला दिली, तर ती सरळ बाजूला ठेवा. तिनं माझी दोन वर्षं खाल्ली.

आधी कोण कुठे उभं आहे ते बघा. समोर एक प्रस्ताव आहे आणि तो तुम्हाला नकोय: अपोज. दाब तुमच्यावर येतोय आणि तुम्ही हलत नाही: रेझिस्ट. तोंडानं हरकत घेताय: ऑब्जेक्ट. वरचा हुकूम उघडपणे धुडकावताय: डिफाय. दोघांना एकच बक्षीस हवंय: कम्पीट. हे एका बैठकीत जमतं.

घोळ पुढे होतो. मराठीत आपण निर्णयाला विरोध करतो. त्या ‘ला’मुळे हात आपोआप ‘टू’ लिहितो. ‘आय अपोज टू धिस डिसिजन’ असं मी किती अर्जांत लिहिलं असेल, देव जाणे. एकदा एका साहेबांनी त्या ‘टू’भोवती लाल गोल काढला, कारण काही सांगितलं नाही. मी ‘टू’ खोडून ‘अगेन्स्ट’ घातलं. तेही चूकच! अपोजपुढे काहीच लागत नाही: ‘आय अपोज धिस डिसिजन.’ रेझिस्ट आणि डिफायचंही तसंच.

पण ‘अपोज्ड’ असं विशेषण केलंत की ‘टू’ परत येतो: ‘आय अ‍ॅम अपोज्ड टू धिस डिसिजन.’ नाम केलं तरी तेच: ऑपोझिशन टू, रेझिस्टन्स टू. ऑब्जेक्ट तर क्रियापद असूनच ‘टू’ मागतो, आणि पुढे कृती आली तर तिला आयएनजी लागतो: ‘आय ऑब्जेक्ट टू पेइंग’. ‘टू पे’ नव्हे. ‘टू आला की मूळ क्रियापद’ हा शाळेतला नियम इथे तोंडावर आपटतो. शंका आली तर ‘टू’पुढे ‘धिस’ ठेवून बघा. ‘ऑब्जेक्ट टू धिस’ चालतं, म्हणून आयएनजी. ‘वॉन्ट टू धिस’ चालत नाही, म्हणून तिथे मूळ रूप.

कम्पीटला माणसाशी ‘विथ’ किंवा ‘अगेन्स्ट’, बक्षिसासाठी ‘फॉर’. प्रोटेस्टपुढे ब्रिटिश ‘अगेन्स्ट’ लावतात, अमेरिकी बहुधा गाळतात.

माणसांसाठीचे शब्दही वेगळे. सामन्यापुरता समोरचा तो ऑपोनंट, धंद्यातला तो कॉम्पिटिटर, आणि जुनी चुरस असलेला तो रायव्हल. रायव्हलच्या मुळाशी लॅटिनमधला ‘रिव्हस’ म्हणजे ओढा आहे. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते ‘रिव्हालिस’. पाणी एक आणि घेणारे दोन, मग भांडण आलंच.

उच्चाराचं एवढंच: प्रोटेस्ट आणि कॉन्टेस्ट नाम असतील तर जोर सुरुवातीला, क्रियापद असतील तर शेवटी.

सरावाला पुस्तकातली वाक्यं नकोत, स्वतःच्या तक्रारी घ्या. मी आजही मेल पाठवण्याआधी त्यात ‘अपोज’ शोधतो आणि पुढे ‘टू’ चिकटलाय का ते बघतो. महिन्यातून एखादा सापडतोच.