दाणापाण्यावर येणारे पक्षी: ओळख पटेल असा फोटो कसा काढायचा

पक्ष्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन दिवसांनी एक फोटो येतोच. समोर उजळ आभाळ, मध्ये काळा ठिपका आणि खाली प्रश्न: ‘हा कोणता पक्षी?’ उत्तर कुणालाच देता येत नाही. ओळख पटवायला फोटो देखणा असावा लागत नाही. त्यात चोच, डोळ्याभोवतीचा भाग, पाठ, बूड (शेपटीखालचा भाग) आणि शेपूट दिसायला हवी. पक्षी रोज ठरल्या जागी दाणे टिपायला येत असेल, तर हे सगळं पाच मिनिटांत मिळतं. मात्र त्याआधी जागेची मांडणी नीट झालेली असली पाहिजे.

जागा आणि दाणा

सकाळी सात ते नऊ या वेळात गॅलरीत किंवा अंगणात ऊन कुठून येतं, ते आधी बघा. ऊन तुमच्या पाठीमागून येऊन दाण्याच्या थाळीवर पडायला हवं. गॅलरी पश्चिमेची असेल तर सकाळच्या सावलीतला मऊ उजेडही चालतो. फक्त पक्ष्यामागे उघडं आभाळ नको. मागची झाडं किंवा भिंत तीन-चार मीटर लांब असली की ती आपोआप धूसर होते.

गच्चीवर हिरवी शेडनेट असेल तर थाळी तिच्याखाली ठेवू नका. तिचा हिरवा रंग पक्ष्याच्या पोटावर उतरतो आणि राखाडी होला (कबुतरासारखा लहान पक्षी) शेवाळी दिसू लागतो. पुढे संगणकावर रंग कितीही सुधारा, पोट आणि पाठ एकाच वेळी बरोबर येत नाहीत. निळ्या ताडपत्रीचंही तेच.

मोठी काच जवळ असेल तर थाळी काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा, नाहीतर सरळ नऊ-दहा मीटर लांब. मधल्या अंतरावर घाबरून उडालेला पक्षी पुरत्या वेगात काचेवर आदळतो. जवळून उडाला तर त्याला तेवढा वेग आलेला नसतो. मांजर दबा धरेल असं झुडूप किंवा अडगळ दोन मीटरच्या आत नको.

थाळी साधारण एक फूट लांब-रुंद, कडा दोन सेंटिमीटर, तळाला बारीक जाळी. तळ बंद असला की पावसाचं पाणी साचतं आणि दाण्याला बुरशी धरते. दाणा म्हणजे बाजरी, राळा आणि तांदळाची कणी. सकाळी एक मूठ पुरे. संपला तर संपला, दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचा. पावसाळ्यात अर्धी मूठच घाला. बुलबुल, कोकीळ आणि तांबट दाण्याकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी पपई, पेरू किंवा केळ्याचा तुकडा खिळ्यात खोचून ठेवा आणि उन्हं चढली की काढून टाका. फरसाण, बिस्किटं, पाव, खारे शेंगदाणे, उरलेली फोडणीची पोळी यातलं काहीही नको.

शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, दाण्याला येत नाही. त्याच्यासाठी साखरपाणी टांगण्यापेक्षा हॅमेलिया, जास्वंद किंवा कर्दळीची कुंडी ठेवा. साखरपाणी उन्हात आंबतं आणि त्याला मुंग्या लागतात. त्या कुंडीवर कीटकनाशक मात्र फवारू नका. शिंजीर आणि चिमणी दोघंही पिल्लांना किडे भरवतात.

कबुतरं सगळं फस्त करतात, ही सगळीकडची तक्रार. उपाय एकच: थाळीभोवती दीड इंची चौकोनाच्या वेल्ड जाळीचा पिंजरा. चिमणी आणि मुनिया आरामात आत शिरतात, कबुतर बाहेर राहतं. होलेही बाहेरच राहतात, पण ते खाली सांडलेलं टिपतात आणि तिथेच त्यांचा फोटो चांगला मिळतो. कबुतरांना मुद्दाम दाणे टाकणं मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यापासून थेट न्यायालयापर्यंत गाजलं. त्यांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांना होणारा त्रास खरा आहे. सोसायटीत राहत असाल तर जाळीचा खर्च आधीच करा.

पाण्यासाठी कुंडीखालची मातीची खरबरीत थाळी उत्तम. पाणी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नको, आणि मध्ये एक चपटा दगड ठेवा. पाणी रोज बदला आणि कड घासून घ्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून देऊन ती जात नाहीत. दाण्याची थाळी आठवड्यातून एकदा साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ खळबळून उन्हात कोरडी होऊ द्या. पिसं फुलवून एका जागी मलूल बसलेला किंवा घास गिळताना धडपडणारा पक्षी दिसला तर दोन आठवडे दाणापाणी बंद. रोग अशा गर्दीतच पसरतो.

फांदीशिवाय फोटो नाही

थाळीवर बसलेल्या पक्ष्याचे पाय दिसत नाहीत, पोट दिसत नाही आणि निम्मा वेळ डोकं खाली असतं. म्हणून थाळीच्या बाजूला, फूट-दीड फुटावर, छाटणीतली एक वाळकी फांदी केबल टायने बांधा. ती थोडी तिरपी असावी. चिमणी-मुनियासाठी पेन्सिलीएवढी जाड, बुलबुलासाठी अंगठ्याएवढी. दाण्यावर उतरण्याआधी पक्षी तिथे सेकंद-दोन सेकंद थांबतो, मान वळवून आजूबाजूला बघतो. फोटो तेव्हाच काढायचा. बसायला जागा एकच ठेवा. आजूबाजूला वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, कुंड्यांचे दांडे, ग्रिल असं काही असेल तर पक्षी नेमका तिथेच बसतो.

फांदीची उंची आणि कॅमेऱ्याची उंची सारखी हवी. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत सगळे लहान पक्षी तपकिरी पाठीचे गोळे दिसतात.

मोबाईलवर

पक्षी लांब आहे म्हणून झूम वाढवत नेणं, इथेच बहुतेकांचं बिघडतं. तीस पटीला फोनचं सॉफ्टवेअर पिसांच्या रेषा स्वतःच रंगवू लागतं. मुनियाच्या छातीवरचे खवले अशा फोटोत पुसले जातात, कधी नसलेल्या रेषा उमटतात. त्यावरून ओळख पटवणं म्हणजे फोनच्या कल्पनेला पक्षी म्हणणं झालं. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर तिच्याच पटीवर थांबा, बहुधा तीन किंवा पाच पट.

त्याऐवजी फोनच जवळ न्या. छोट्या ट्रायपॉडवर फोन फांदीपासून एक मीटरवर ठेवा आणि ब्लूटूथ रिमोट घेऊन घरात बसा. तीन पटीच्या लेन्सला या अंतरावर चिमणी फ्रेमची साधारण एक तृतीयांश रुंदी व्यापते. फार जवळ नेल्यास काही फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जातात आणि चित्र नुसतं ताणून दाखवतात. टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवून बघा: पडदा काळा झाला नाही तर ती लेन्स चालूच नाही, फोन थोडा मागे घ्या. नवीन ट्रायपॉड दिसला की पक्षी एक-दोन दिवस लांब राहतात. त्या दिवसांत तिथे फोनऐवजी तेवढंच खोकं उभं करून ठेवा.

फांदीच्या टोकावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतील, मग सूर्याची खूण किंचित खाली ओढा. शटर दाबून धरल्यावर काही फोन सलग फोटो काढतात, काही व्हिडिओ सुरू करतात. हे आधीच पाहून ठेवा. खरं तर ओळखीसाठी फोर-के व्हिडिओ वाईट नाही. प्रत्येक फ्रेम आठ मेगापिक्सेलची मिळते आणि वर आवाजही नोंदला जातो.

कॅमेऱ्यावर

७०-३०० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरला चार मीटरवरची चिमणी फ्रेमची जवळपास अर्धी रुंदी भरते. १५०-६०० लेन्स असेल तर तिचं किमान फोकस अंतर दोन-तीन मीटरच्या आसपास असतं. फांदी त्या अंतराच्या आत आली तर लेन्स नुसती पुढे-मागे घरघरत बसते.

बसलेल्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद, दाणे टिपत हलणाऱ्याला १/१०००, उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहून जलद. छिद्र (अपर्चर) एफ ५.६ ते एफ ८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ३२००. दाणेदार फोटोवरून पक्षी ओळखता येतो, हललेल्या फोटोवरून नाही. म्हणून उजेड कमी असेल तर शटर उतरवण्याआधी आयएसओ वाढवा. फोकसचा एकच बिंदू, तो डोळ्यावर. कोकिळासारख्या काळ्या पक्ष्याने फ्रेम व्यापली असेल तर एक्स्पोजर थोडं कमी करा, कारण कॅमेरा काळ्याला राखाडी करू बघतो. तोच पक्षी आभाळापुढे असेल तर उलट एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

काचेतून काढायचं असेल तर खोलीतले दिवे बंद, लेन्स काचेला अगदी भिडवून आणि काटकोनात. मच्छरदाणीच्या जाळीतून काढू नका. जाळी दिसत नाही, पण पिसांची बारकी नक्षी खाऊन टाकते. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट गॅलरीत नेला की लेन्सवर बाष्प धरतं. तो पिशवीतच ठेवून अर्धा तास आधी गॅलरीत नेऊन ठेवा. फ्लॅश नको. घरट्याचे आणि पिल्लांचे फोटोही नकोत. आई-बाप घरट्यापासून लांब राहिले की कावळ्याला आयतीच वाट मिळते.

कुठे फसगत होते

एकाच पक्ष्याचे निदान चार फोटो हवेत: पूर्ण बाजूने, पाठीकडून, बुडाखालून शेपटीसह, आणि चोचीचा. रंग उजेडाने, वयाने आणि हंगामाने बदलतो. चोचीची जाडी आणि शेपटीची ठेवण बदलत नाही.

लालबुड्या बुलबुलाचं डोकं काळं, शेंडी आखूड, शेपटीच्या वरचा पुठ्ठा (पाठीचा शेवटचा भाग) पांढरा. शिपाई बुलबुलाचा तुरा टोकदार, गाल पांढरा आणि डोळ्यामागे लाल ठिपका. बूड दोघांचंही लाल, त्यामुळे खालून काढलेला एकटा फोटो कामाचा नाही. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला गालावरचा लाल ठिपका नसतो. त्याचा तुरा बघा.

होल्यांत मानेकडे लक्ष द्या. मानेच्या मागे काळा-पांढरा बुद्धिबळाचा पट आणि पाठीवर ठिपके असतील तर ठिपकेवाला होला. पाठ साधी तपकिरी आणि काळी नक्षी गळ्याच्या पुढच्या बाजूला असेल तर लहान तपकिरी होला. मानेमागे नुसती काळी अर्धी रेघ असेल तर कंठीवाला होला. पाठीचा फोटो नसेल तर इथे अंदाजच उरतो.

मुनिया थव्याने येतात. ठिपकेवाल्या मुनियाचं पोट खवल्याखवल्यांचं, डोकं-पाठ गडद तपकिरी. पांढऱ्या कंठाच्या मुनियाचा रंग फिकट वाळूसारखा, शेपूट काळी आणि टोकदार, चोच रुपेरी-राखाडी. खवले नसलेली, सरसकट तपकिरी मुनिया दिसली तर घाईने नवीन जात ठरवू नका. बहुधा ते ठिपकेवालीचं पिल्लू असतं.

चिमणीची मादी आणि सुगरणीची मादी हिवाळ्यात हमखास गोंधळात टाकतात, कारण त्या दिवसांत सुगरणीच्या नराचाही पिवळा माथा गेलेला असतो. सुगरणीची चोच डोक्याच्या मानाने जाडजूड आणि शंकूसारखी, शेपूट आखूड. चिमणीची चोच लहान. पंखावर पांढऱ्या पट्ट्या, खांद्याशी तांबूस डाग आणि शेपूट किंचित दुभंगलेली असेल तर ती रानचिमणी. रानचिमणीच्या कंठावरचा पिवळा ठिपका प्रत्येक फोटोत दिसेलच असं नाही.

शिंजिराच्या माद्या सरसकट ‘पिवळा पक्षी’ म्हणून नोंदल्या जातात. गळ्यापासून खाली सगळं फिकट पिवळं असेल तर जांभळा शिंजीर. गळा राखाडी-पांढरा आणि छाती पिवळी असेल तर जांभळ्या पुठ्ठ्याचा शिंजीर. पिवळ्या पोटावर मधोमध काळी उभी पट्टी दिसली तर ती मादी नाही. तो विणीनंतर झळाळी उतरलेला जांभळ्या शिंजिराचा नर.

सगळे पक्षी एकदम गप्प होऊन पसार झाले तर वर बघा, शिक्रा हा शिकारी पक्षी आलेला असतो. पण पावसाच्या सुरुवातीला तसाच दिसणारा पावशा येतो, आणि त्याच्या येण्यानेही लहान पक्षी बिथरतात. बाजूने चोच टिपा: आकडेदार असेल तर शिक्रा, सरळ असेल तर पावशा.

नोंद करताना

कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, ते आधी तपासा. तारीख चुकली की हिवाळी पाहुणा भर मे महिन्यात नोंदला जातो. कापलेल्या फोटोबरोबर मूळ फाइलही ठेवा. ग्रुपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप पिसांचा चिखल करून टाकतं. पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपला तारीख आणि ठिकाण खरं द्या. त्याच्या यादीतलं पहिलंच नाव उचलू नका, पहिल्या तिन्ही नावांचे फोटो शेजारी ठेवून शेपूट-चोच ताडून बघा. आवाजावरून ओळखताना दयाळ आणि कोतवाल हे नकलाकार आहेत, हे ध्यानात ठेवा. अ‍ॅपने भलताच पक्षी सांगितला तर तो डोळ्यांनी दिसल्याशिवाय लिहू नका.

सलग पंधरा मिनिटं थाळीवर नजर ठेवून दिसलेले सगळे पक्षी मोजले, तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी भरता येते. फेब्रुवारीत होणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेलाही तेवढंच लागतं. संख्येसाठी एका नजरेत दिसलेला सर्वांत मोठा आकडा धरा. तीच चिमणी पाच वेळा येऊन गेली तरी ती एकच. आणि होला कोणता ते कळलं नसेल तर यादीत ‘होला, जात अनिश्चित’ असा पर्याय असतो, तो निवडा.