पगारवाढीचा करार : आकड्यावर भुलू नका, या चुका टाळा

कंपनी आणि युनियन यांच्यातल्या पगारवाढीच्या करारावर सह्या झाल्या की गेटवर गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात आणि व्हॉट्सॲपवर एकच आकडा फिरतो, ‘तीन वर्षांसाठी 15 हजारांची वाढ’. पिंपरी-चिंचवड, चाकण, सातपूर, वाळूज, कुठेही जा, रीत हीच. मग पहिली पगार स्लिप येते आणि कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू होते : पंधरा म्हणाले होते, हातात साडेचारच कसे पडले?

बहुतेक वेळा कोणी फसवलेलं नसतं. आकड्यासाठी सहा-सहा महिने ताणून धरलेलं असतं आणि कलमं मात्र शेवटच्या रात्री चहा पिता पिता वाचून संपवलेली असतात.

आकडा फोडून न बघणं

वरचेच 15 हजार घेऊ. ही दरमहाची वाढ सीटीसीवर, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चावर आहे आणि ती 40-30-30 टक्के अशा टप्प्यांनी, आधीच्यात भर पडत, तीन वर्षांत मिळणार आहे, असं धरू. पहिल्या वर्षी वाट्याला आले 6,000. त्यातले 1,200 अप्रत्यक्ष : कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, मेडिक्लेमचा हप्ता, बस, कॅन्टीन. स्लिपवर दिसतात 4,800. त्यातले 3,000 बेसिक (मूळ पगार) आणि डीएमध्ये (महागाई भत्त्यात) गेले, तर तुमचा स्वतःचा 12 टक्के पीएफ 360 रुपये कापला जाणार. राहिले 4,440. हिशेब चोख आहे, फक्त तो आधी कोणी मांडला नव्हता.

टप्प्यांचंही तसंच. तोच 15 हजारांचा करार 60-20-20 ने झाला, तर छत्तीस महिन्यांत एकूण 4,32,000 रुपये मिळतात. 40-30-30 ने 3,78,000. आकडा एकच, फरक 54 हजारांचा. ‘सोळा द्या’ म्हणून अडून बसलेली युनियनची कमिटी टप्प्यांवर चटकन मान डोलावते, हे मला कधीच कळलेलं नाही.

अप्रत्यक्ष भागाची रक्कम परिशिष्टात बाबवार लिहून घ्या आणि तिला वरची मर्यादा घाला. नाहीतर डिझेल महागलं की बसचा वाढीव खर्च तुमच्याच वाढीतून वळता होतो.

बेसिक सोडून भत्त्यांवर खूश होणं

‘वॉशिंग अलाउन्स’, ‘एज्युकेशन अलाउन्स’, ‘स्पेशल अलाउन्स’. नावं छान असतात, पीएफ कापला जात नाही म्हणून तरुण पोरांना आवडतात. पण ग्रॅच्युइटी मोजली जाते ती शेवटच्या बेसिक-डीएवर, 15 भागिले 26 गुणिले वर्षं या सूत्राने. पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या बेसिकमध्ये हजार रुपये गेले, तर ग्रॅच्युइटी 14,423 रुपयांनी वाढते. तेच हजार भत्त्यात गेले, तर आजवर त्याचं उत्तर शून्य असायचं.

‘आजवर’ म्हणायचं कारण : 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि ‘वेतना’ची व्याख्या बदलली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. पीएफच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्येच सांगून टाकलं होतं, की सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता हा बेसिकचाच भाग.

इथे एक कलम हमखास सापडतं : ‘कायद्यातील बदलामुळे कंपनीवर आर्थिक बोजा वाढल्यास तो करारातील वाढीतून समायोजित केला जाईल.’ हे एक वाक्य आख्खी वाढ खाऊ शकतं. निघत नसेल, तर निदान ‘युनियनच्या लेखी संमतीने’ एवढे शब्द तरी त्यात घुसवाच.

महागाई भत्त्याचं कलम जुन्या करारातून उचलून चिकटवणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. डीए वाढतो तो महागाईच्या निर्देशांकावर. केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा हा ग्राहक किंमत निर्देशांक सप्टेंबर 2020 पासून 2016 = 100 या पायावर, म्हणजे 2016 ची पातळी 100 धरून येतो. त्याआधी पाया 2001 होता, त्याआधी 1982, त्याआधी 1960. नव्या मालिकेतला एक पॉइंट म्हणजे 2001 च्या मालिकेतले 2.88 पॉइंट, हा दोन मालिका जोडणारा अखिल भारतीय गुणक झाला, केंद्रांचे गुणक वेगवेगळे आहेत.

समजा करारात लिहिलंय ‘प्रति पॉइंट 4 रुपये’ आणि तो दर 2001 च्या मालिकेवर ठरलेला होता. नवा निर्देशांक तीन पॉइंटने वाढला. गुणक लावला तर 8.64 पॉइंट, म्हणजे 34 रुपये 56 पैसे. न लावता तीन गुणिले चार केलं तर 12 रुपये. दर तिमाहीला ही तूट साठत जाते आणि ‘डीए फारच कमी वाढतोय बुवा’ यापलीकडे कोणी जात नाही. स्लिपवर फक्त रक्कम येते, पॉइंट येत नाहीत. म्हणून डीएच्या हिशेबाचा कागद दर तिमाहीला नोटीस बोर्डावर लागला पाहिजे, हेसुद्धा करारातच लिहा. शिवाय निर्देशांक अखिल भारतीय की पुणे किंवा मुंबई केंद्राचा, कोणत्या तीन महिन्यांची सरासरी आणि तिमाही कधी बदलते, हे स्पष्ट हवं.

उत्पादनवाढीवर डोळे झाकून सही

‘कामगार 12 टक्के वाढीव उत्पादन देतील.’ कशाच्या तुलनेत? कोणत्या लाइनवर, किती माणसांत? मशीन बंद पडलं, मटेरियल आलं नाही, तर तो वेळ कोणाच्या नावावर? आजचं प्रत्यक्ष उत्पादन लाइनवार परिशिष्टात टाका, टाइम स्टडी (कामाला लागणाऱ्या वेळेची मोजणी) युनियनच्या प्रतिनिधीसमोर होईल असं लिहा आणि माणसं कमी केली तर नॉर्म, म्हणजे ठरवून दिलेलं उत्पादन, पुन्हा ठरेल हेही. नाहीतर पगारवाढ तीन वर्षांची आणि वाढीव नॉर्म कायमचा, असा व्यवहार होतो.

करार कोणाशी, कोणत्या कलमाखाली?

कामगार अजून ‘अठरा-एक’ आणि ‘अठरा-तीन’ याच भाषेत बोलतात. ही कलमं 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली. तो कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला, पण भेद टिकून आहे. दोघांनी आपसात केलेला करार (अठरा-एक) फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना बांधतो. सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार (अठरा-तीन) आस्थापनेतल्या सगळ्यांना बांधतो, पुढे भरती होणाऱ्यांनाही. कारखान्यात दुसरी युनियन असेल, तर आपसातला करार करून मोकळं होणं म्हणजे उद्याचं भांडण आजच ठरवून ठेवणं. एकाहून अधिक युनियन असल्या, तर नव्या संहितेत वाटाघाटीचा हक्क 51 टक्के सभासद असलेल्या युनियनला आहे, तेव्हा सभासदत्वाचं रजिस्टर आणि पावत्या नीट ठेवा. मुंबईच्या 1982 च्या गिरणी संपात कामगार संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे होते, पण कायद्याने प्रातिनिधिक युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघच होती. ताकद आणि सहीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी, हे तिथे भलतंच महागात पडलं.

मुदत संपली म्हणून करार आपोआप संपत नाही. संपवण्याची लेखी नोटीस द्यावी लागते, ती दिल्यावर ठरावीक अवधी जाईपर्यंत जुना करार चालूच राहतो. मागणीपत्राबरोबर ही नोटीस पोच घेऊन द्या.

ईएसआयचा खड्डा

वाढ मिळाल्यावर ज्यांचं वेतन 21,000 च्या वर जातं, ते एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च हा चालू अंशदान काळ संपला की ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या अंशदानातून बाहेर पडतात. उपचाराचा हक्क त्यानंतर काही महिने राहतो, मग तोही जातो. अशांचं मेडिक्लेम त्या तारखेच्या आत सुरू झालं पाहिजे. करारात नुसतं ‘3 लाखांचा विमा’ न लिहिता आई-वडील धरून की सोडून, आधीपासूनचे आजार धरले का आणि हप्ता वाढला तर कोण भरणार, हे लिहा.

फरकाची रक्कम

करार आठ-दहा महिने रखडतो आणि मागील तारखेपासून लागू होतो. त्या महिन्यांची राहिलेली वाढ एकदम मिळते, तो फरक. मधल्या काळात निवृत्त झालेले, राजीनामा दिलेले, वारलेले यांचं काय? ‘सहीच्या दिवशी हजेरीपटावर असलेल्यांनाच’ असं लिहिलं, की तीस वर्षं युनियनची वर्गणी भरलेला माणूस बाहेर. त्यांना फरक आणि सुधारित बेसिकवरच्या ग्रॅच्युइटीचा फरक, दोन्ही मिळेल असं स्वतंत्र कलम करा. वारलेल्यांच्या बाबतीत वारसांचा उल्लेख हवा. मधल्या काळातला ओव्हरटाइम आणि रजेचे पैसे नव्या दराने धरायचे का, हेही तिथेच मिटवा. फरकावर पीएफ कापला जाणार, हे सभासदांना आधीच सांगा. मागच्या आर्थिक वर्षाचा फरक या वर्षी मिळाला, तर आयकरात सवलत मागता येते. तिचा फॉर्म विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो, आणि तो भरायला लागणारा वर्षवार तक्ता पगार विभागाकडून फरकाच्या स्लिपसोबतच मागून घ्या.