गर्डर चढवायच्या आधी ठोकळे तयार हवेत

भावाच्या घरी मागच्या बाजूला खोली वाढवायचं काम निघालंय. जुनी भिंत फोडून दहा फुटांचा गाळा, म्हणजे आरपार मोकळी जागा, करायचा आणि वर लोखंडी गर्डर टाकायचा. दोन वर्षांपूर्वी हेच काम मी मिरजेच्या घरी करून घेतलं आणि चुकवलं. म्हणून त्याच्यासाठी लिहून काढते आहे, तुमच्याकडे असं काम असेल तर तुम्हीही वाचा.

घर जुनं, लोड बेअरिंगचं आहे असं धरते. म्हणजे कॉलम नाहीत, नऊ इंची विटांच्या भिंतींवरच स्लॅब बसलेला. अशा घरात कुठली भिंत भार घेते हे मिस्त्रीला विचारून ठरवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, वरच्या मजल्यावर न्या, गच्चीवरही न्या. पाण्याची टाकी कुठे आहे ते दाखवा, कारण हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन तिथे बसतं. गर्डरचं माप तोच काढेल. शेजाऱ्याने काय टाकलं ते विचारत बसू नका. पालिकेची परवानगी, वायरिंग, पाण्याच्या लाइनी हे तर बघालच.

आता ठोकळे. गर्डरची दोन्ही टोकं ज्यावर बसतात ते काँक्रीटचे ठोकळे. मी विसरले ते हेच. इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये ते स्पष्ट काढलेले होते. मी ड्रॉइंग कपाटात ठेवलं आणि गर्डरच्या मापाचा तेवढा कागद मिस्त्रीच्या हातात दिला. गर्डर दारात आला, आठ माणसं जमली, टेकू लागलेले, भिंत फोडलेली, आणि तेव्हा कुणीतरी विचारलं, खाली काय ठेवायचं? त्या घडीला काँक्रीट ओतून काय उपयोग, ते वाळणार कधी? मिस्त्री म्हणाला, विटा चांगल्या आहेत, पत्र्याचा तुकडा घालून बसवू. मी हो म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात गाळ्याच्या कोपऱ्यापासून वर तिरकी, पायऱ्यापायऱ्यांची तडा गेली आणि वरच्या खोलीची खिडकी लागेनाशी झाली. टोकाखालच्या विटा भरडल्या होत्या. पुन्हा टेकू, पुन्हा तोडफोड, दुप्पट मजुरी. आणि ते होईपर्यंत आई त्या स्लॅबखाली झोपत होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

हिशेब साधा आहे, तो मी आधी करायला हवा होता. वरची भिंत, स्लॅबचा वाटा आणि माणसं-सामान धरून आमच्या गर्डरवर दहा टनांच्या आसपास भार होता, म्हणजे प्रत्येक टोकावर पाच टन. दोन गर्डर जोडून वीस सेंटीमीटर रुंदी झाली आणि भिंतीवर टेकलेली लांबीही वीसच. चारशे चौरस सेंटीमीटरवर पाच हजार किलो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साडेबारा किलो. साध्या विटांच्या बांधकामावर पाचच्या आसपास धरतात. पाचावर आणायचं तर हजार चौरस सेंटीमीटर जागा हवी, म्हणजे भिंतीच्या रुंदीएवढा नऊ इंच आणि लांबीला अठरा इंच ठोकळा. भार खाली पसरायला जाडी हवी, तीही नऊ इंच. तुमचे आकडे तुमचा इंजिनिअर देईल, पण ठोकळा लागणार हे नक्की.

ठोकळे गर्डर यायच्या किमान पंधरा दिवस आधी अंगणात ओता. एकास दीड, तीन (सिमेंट, वाळू, खडी) असा माल, आत जाळीला दोन-चार सळ्या. सात दिवस गोणपाट ओलं ठेवा, रोज पाणी मारा, मिस्त्रीवर सोडू नका, स्वतः मारा. एकेक ठोकळा साठ किलोच्या आसपास भरतो, दोन माणसं उचलतात. ओतलेली तारीख खिळ्याने वर कोरून ठेवा. ठोकळे तयार नसतील तर गर्डरची गाडी बोलावू नका. भाड्याची माणसं परत पाठवावी लागली तरी चालतील.

गर्डर दहा फुटांच्या गाळ्याला साडेअकरा फूट लागतो, दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेकायला. आमचे दोनशे मिलिमीटरचे दोन होते, मीटरला पंचवीस किलोच्या आसपास, म्हणजे एकेक नव्वद किलोच्या घरात. तो गल्लीतून वळतो का, दारातून आत येतो का, हे बांबू घेऊन आधी फिरवून बघा. जोडायची भोकं खाली असतानाच पाडून घ्या. रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, तोही खालीच मारा, चढवल्यावर वरच्या अंगाला ब्रश पोचत नाही.

नव्या खोलीबद्दल एक. सांगली-मिरजेकडे काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नवा पाया थोडा बसतोच. म्हणून नवी भिंत जुन्या भिंतीत दात घालून गुंतवू नका, मध्ये सांधा सोडा. जमलं तर नवी खोली छपरासकट एक पावसाळा उभी राहू द्या, मग मधली भिंत फोडा. घाई असेल तर निदान पावसात फोडू नका. आणि गाळा कोपऱ्यापर्यंत ओढू नका. दोन फूट भिंत तरी ठेवा, नाहीतर ठोकळा बसवणार कशावर?

टेकू भिंतीच्या दोन्ही बाजूंनी लावायचे, स्लॅबखाली, वर-खाली जाड फळी घालून. फरशीवर नुसता टेकू ठेवला की फरशी फुटते. भिंतीतून साधारण तीन-तीन फुटांवर आरपार भोकं पाडून त्यात आडवे लोखंडी चॅनेल घाला आणि तेही टेकूंवर घ्या, कारण स्लॅबचे टेकू वरच्या विटा धरत नाहीत. टेकू लागले की एक दिवस थांबा, मग भिंतीला हात लावा. ब्रेकर (विजेवर चालणारं फोडायचं यंत्र) नको, छिन्नी-हातोडा. ब्रेकरने जुन्या चुन्याच्या भिंतीचे सांधे सगळीकडे हलतात. विटा वरून खाली काढत या. त्या दिवशी वरच्या मजल्यावर कुणी नको, लहान मुलं तर घरातच नकोत.

विटा काढल्यावर आधी ठोकळे बसवा, एकास तीन सिमेंट-वाळूच्या मसाल्यात. दोन्ही ठोकळ्यांची वरची पातळी लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) जुळवा. मसाला घट्ट व्हायला दोन दिवस द्या. मिस्त्री म्हणेल आजच चढवू. नाही म्हणा. ठोकळा डुगडुगत असेल तर काढून परत बसवा.

मग गर्डर चढवा. वरची भिंत आणि गर्डर यांत फट राहतेच, ती लोखंडी पाचरी मारून आणि न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या सिमेंटच्या मसाल्याने) ठासून भरा. बोटाने चेपून सोडलेली फट म्हणजे भिंत तेवढी खाली येणार. सात दिवस टेकू काढू नका. काढताना एकदम नाही, सगळे थोडेथोडे सैल करत.

पुढचं सोपं आहे. आडवे चॅनेल काढून भोकं बुजवा, गर्डरला चिकन मेश (बारीक तारेची जाळी) गुंडाळून गिलावा करा, सांध्यावर पट्टी. गिलाव्याआधी ठोकळ्यांचे फोटो काढा, तारखेसकट, इंजिनिअरला पाठवा आणि तो बघून हो म्हणेपर्यंत गिलावा थांबवा.

भाऊ, ठोकळे या रविवारीच ओत. वाळू आणि सिमेंट अंगणात आहे, साच्याला जुन्या फळ्या चालतील.